लिनक्स मिंट असं का दिसतं आणि त्याच्यावर नवशिक्यांचा शिक्का का बसला

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून घरातल्या जुन्या लॅपटॉपचं काय करायचं हे जो तो विचारतोय, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि २०१७ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर तर मायक्रोसॉफ्टच्या यादीतच बसत नाहीत. मशीन धडधाकट असतं, स्क्रीन ठीक, कीबोर्ड ठीक, रॅमही कामापुरती असते, मग ते भंगारात कशाला टाकायचं? अशा वेळी ओळखीतलं कोणीतरी सांगतं की मिंट टाक, म्हणजे विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम. आणि त्याच्या मागोमाग दोन गोष्टी हमखास ऐकू येतात, एक म्हणजे ते विंडोज ७ सारखं दिसतं, जरा जुनाटच आहे, आणि दुसरी म्हणजे ते नवशिक्यांसाठी आहे, शिकून झालं की लोक दुसरीकडे जातात.

दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. पण त्या अशा सांगितल्या जातात की जणू मिंटवाल्यांना नवं काही जमलंच नाही म्हणून ते तसं राहिलं. खरं तर मिंटचं हे रूप २०११ च्या सुमारास ठरवून घेतलं गेलं, त्यासाठी एका छोट्या टीमने अक्षरशः अख्खा डेस्कटॉप वेगळा बांधला आणि आजही दर आवृत्तीला ते रूप टिकवायला मेहनत घ्यावी लागते. आणि मिंटचं जे नाव झालं, चांगलं आणि वाईट दोन्ही, ते बरंचसं त्याच निर्णयातून आलंय. ते कसं हे नीट समजून घेऊ.

आधी मिंट म्हणजे नक्की काय ते. लिनक्स हे खरं म्हणजे फक्त कर्नलचं नाव, म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क, वायफाय वगैरे हार्डवेअर सांभाळणारा सगळ्यात खालचा भाग, जो लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिहायला घेतला. नुसता कर्नल घेऊन आपण काहीच करू शकत नाही. त्याच्यावर हजारो प्रोग्रॅम जमवायचे, ते एकमेकांशी जुळवून घ्यायचे, इन्स्टॉलर द्यायचा, अपडेट पोचवायचे, आणि हे सगळं एकत्र बांधून दिलं की त्याला डिस्ट्रिब्युशन म्हणतात, बोलताना नुसतं डिस्ट्रो. इयान मर्डॉकने १९९३ मध्ये डेबियन सुरू केलं, ते आजही जगभरचे स्वयंसेवक चालवतात. डेबियनचा पाया घेऊन २००४ मध्ये उबंटू आलं, ते मार्क शटलवर्थच्या कॅनॉनिकल कंपनीचं. आणि उबंटूचा पाया घेऊन ऑगस्ट २००६ मध्ये मिंटची पहिली आवृत्ती आली, तिचं नाव एडा. तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव, आणि ते 'आ' या आवाजावर संपणारं: कात्या, लिसा, माया, सारा, टारा, विल्मा, झारा.

मिंट सुरू करणारा क्लेमाँ लफेव्र हा आयर्लंडमध्ये राहणारा फ्रेंच माणूस, सगळे त्याला क्लेम म्हणतात. आणि मिंट हे सुरुवातीला ऑपरेटिंग सिस्टिम नव्हतंच, लिनक्सला नव्याने हात लावणाऱ्यांना मदत करणारे लेख, टिप्स, परीक्षणं असलेली ती एक वेबसाइट होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण नवशिक्यांचं ऑपरेटिंग सिस्टिम ही ओळख नंतर कोणी चिकटवलेली नाही, ती मुळातच तिथली आहे. आजही टीम छोटीच आहे, पैसा येतो तो मुख्यतः लोकांच्या देणग्यांतून आणि प्रायोजकांकडून, आणि दर महिन्याला किती देणग्या आल्या ते जाहीर केलं जातं. बाकी भाषांतरं, बग कळवणं, चाचणी, वॉलपेपरसाठी फोटो, पॅनेलवर लावायची छोटी अ‍ॅपलेट्स हे सगळं वापरणारेच करतात.

आता दिसण्याकडे येऊ. विंडोज किंवा मॅक वापरणाऱ्याला सवय असते की ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिचा चेहरा हे एकच, कंपनीने दिलं तसं घ्यायचं. लिनक्सवर चेहरा हा वेगळा थर आहे. स्क्रीनवर जे दिसतं ते एका प्रोग्रॅमचं काम नसतं: विंडोला चौकट आणि बंद करायचं बटण देतो तो विंडो मॅनेजर, खालची पट्टी म्हणजे पॅनेल, फोल्डर उघडतो तो फाइल मॅनेजर, बटणं, मेनू, स्क्रोलबार काढून देते ती टूलकिट नावाची लायब्ररी, आणि या सगळ्यावर थीम, आयकॉन, फॉन्ट. हे सगळं एकत्र जमवून दिलं की झालं डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट. त्यामुळे खालचं सगळं तसंच ठेवून नुसता चेहरा बदलता येतो, आणि म्हणूनच 'लिनक्स दिसतं कसं' या प्रश्नाला एक उत्तर कधीच नसतं. मिंट स्वतःच तीन चेहऱ्यांत मिळतं, सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. यातलं सिनॅमन हे मुख्य, आणि मिंट कसं दिसतं असं कोणी विचारलं तर लोकांच्या डोळ्यासमोर तेच असतं.

हे सिनॅमन आलं कुठून ते सांगायचं तर २०११ मध्ये जावं लागेल. तोपर्यंत उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन असे बरेच डिस्ट्रो गनोम २ हा डेस्कटॉप वापरायचे. २००२ पासून चालत आलेला, साधा, मेनू आणि पट्टी असलेला, लोकांच्या अंगवळणी पडलेला. एप्रिल २०११ मध्ये गनोम ३ आलं आणि सगळी मांडणीच बदलली: चालू विंडो दाखवणारी पट्टी गेली, डेस्कटॉपवरचे आयकॉन गेले, विंडो लहान-मोठी करायची बटणंसुद्धा डिफॉल्टमधून काढली, आणि प्रोग्रॅम बदलायचा तर आधी 'ॲक्टिव्हिटीज' नावाच्या वेगळ्या दृश्यात जायचं. त्याच महिन्यात उबंटूनेही गनोमचा चेहरा सोडून स्वतःचा युनिटी नावाचा डेस्कटॉप डिफॉल्ट केला, डाव्या बाजूला उभी पट्टी असलेला. पुढच्या वर्षी विंडोज ८ आलं आणि त्यातून तर स्टार्ट बटणच गायब. टॅबलेटचं वारं होतं ते, सगळ्यांना वाटत होतं की उद्या सगळे बोटानेच काम करणार आहेत, आणि माउस-कीबोर्ड घेऊन दिवसभर ऑफिसचं काम करणाऱ्या माणसाला कोणी विचारत नव्हतं.

रोज वापरायच्या गोष्टीचं असं असतं की मिसळणाचा डबा जिथे असतो तिथे हात आपसूक जातो, न बघता, आणि तो डबा कोणी सुंदर करून दुसऱ्या कप्प्यात ठेवला तरी स्वयंपाक करणारीचा खोळंबाच होतो. गनोम ३ वाईट होतं असं मी म्हणत नाही, आजचं गनोम तर फार देखणं आहे आणि ज्यांनी त्याची पद्धत आत्मसात केली ते खूश आहेत. पण तेव्हा लाखो लोकांचा रोजचा डेस्कटॉप त्यांना न विचारता बदलला, आणि जुना हवा असेल तर तो फार काळ ठेवायची सोय नव्हती कारण गनोम २ वर काम करणंच थांबलं होतं.

इथे समुदायाने बांधलेल्या सॉफ्टवेअरची खरी ताकद दिसते. कोड सगळ्यांसाठी खुला असतो, त्यामुळे मूळ लेखकांनी एखादी वाट सोडली तरी दुसरं कोणीतरी तोच कोड घेऊन त्या वाटेने पुढे जाऊ शकतं, याला फोर्क म्हणतात. अर्जेंटिनातल्या एका लिनक्स वापरणाऱ्याने गनोम २ चा कोड घेऊन माटे सुरू केलं. अडचण अशी की गनोम ३ मध्येही प्रोग्रॅमची नावं तीच, मग दोन्ही एका मशीनवर नांदणार कसे, म्हणून एकेका भागाला नवं नाव द्यावं लागलं आणि बरीचशी स्पॅनिश नावं आली: फाइल मॅनेजर नॉटिलसचा झाला काहा, टेक्स्ट एडिटर जीएडिटचा झाला प्लुमा, विंडो मॅनेजर मेटासिटीचा मार्को. नुसतं नाव बदलणं ऐकायला सोपं वाटतं, पण हजारो ओळींत ते नाव विखुरलेलं असतं.

मिंटने तेव्हा घाई केली नाही. मे २०११ ची अकरावी आवृत्ती त्यांनी गनोम २ वरच ठेवली. नोव्हेंबरमध्ये बारावी आवृत्ती आणली त्यात गनोम ३ घेतलं, पण वरून एक्स्टेंशन्सचा संच चढवून खालची पट्टी आणि मेनू परत आणला. दुसऱ्याच्या घरात असं भिंती फोडून राहता येत नाही हे लवकरच कळलं, कारण गनोमची प्रत्येक नवी आवृत्ती आली की ती एक्स्टेंशन्स मोडायची. मग जानेवारी २०१२ मध्ये क्लेमने सिनॅमन जाहीर केलं, गनोम शेलचाच, म्हणजे गनोम ३ च्या चेहऱ्याचाच, फोर्क, विंडो मॅनेजर मटरचा मफिन केला, पुढे फाइल मॅनेजर नॉटिलसचा नेमो केला, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये सिनॅमन २.० आलं तेव्हा ते गनोमवर चढवलेला थर न राहता स्वतःच्या पायावर उभा असलेला पूर्ण डेस्कटॉप झाला होता. म्हणजे आतून आधुनिक गनोम ३ चं तंत्र आणि बाहेरून १९९५ पासून जगाला माहीत असलेली मांडणी. विंडोजची नक्कल आहे असं कोणी म्हटलं तर मांडणीपुरतं ते बरोबर आहे, आणि तशीच ती हवी होती म्हणून ठेवलीय.

नेमोचंच एक उदाहरण जवळून बघा. २०१२ मध्ये नॉटिलसच्या ३.६ आवृत्तीत बऱ्याच सोयी काढून टाकल्या, त्यात एफ३ दाबलं की विंडोचे दोन भाग व्हायचे तीही गेली. नेमोत ती आजही आहे. डावीकडे पेनड्राइव्हचं फोल्डर, उजवीकडे लॅपटॉपवरचं, मध्ये फक्त ओढून टाकायचं. ज्याला रोज फोटो किंवा ऑफिसच्या फाइली इकडून तिकडे कराव्या लागतात त्याला विचारा ही एक कळ किती वेळ वाचवते. नेमोच्या खालच्या पट्टीवर डिस्कमध्ये किती जागा उरलीय ते कायम दिसतं, वर अ‍ॅड्रेस लिहून टाकता येतो, उजवं बटण दाबलं की मेनूत हवं ते सापडतं. हे सगळं दिसायला जुनं आहे खरं, पण काम करताना ते डोळ्यासमोर असतं, लपवलेलं नसतं.

बरं, मांडणी जुनी म्हणजे रंगरूपही जुनंच ठेवलंय असं नाही. २०१६ मध्ये अठराव्या आवृत्तीत मिंट-वाय नावाची नवी थीम आली, आर्क थीमवर आधारलेली, आयकॉन मोका नावाच्या संचावरून घेतलेले, सपाट आणि स्वच्छ. त्याआधीची मिंट-एक्स ही चकचकीत, उठावदार बटणांची होती, आणि 'मिंट जुनाट दिसतं' म्हणणाऱ्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा तेव्हाचे स्क्रीनशॉट असतात. आज इन्स्टॉल केल्यावर जी वेलकम स्क्रीन येते तिथेच रंग निवडता येतो, हिरवा, निळा, जांभळा, आणि डार्क मोड, आणि पॅनेल पारंपरिक हवं की आधुनिक तेही, पारंपरिक म्हणजे विंडोच्या नावासकट लांबट बटणं, आधुनिक म्हणजे विंडोज ७ च्या पुढे आली तशी नुसत्या आयकॉनची जाडसर पट्टी.

पण हे एकसारखं दिसणं टिकवणं ही डोकेदुखी आहे आणि ती का हे कळायला टूलकिटची गोष्ट माहीत हवी. लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम जीटीके किंवा क्यूटी या दोनपैकी एका टूलकिटवर लिहिलेले असतात. जीटीके हे मूळचं गिम्प या चित्रं एडिट करायच्या प्रोग्रॅमसाठी बनवलेलं, गनोम, सिनॅमन, माटे, एक्सएफसीई सगळे त्याच्यावर. क्यूटी वर केडीई हा दुसरा डेस्कटॉप आणि व्हीएलसी वगैरे. म्हणून कधी कधी एकाच स्क्रीनवर दोन विंडो शेजारी असल्या की त्यांची बटणं वेगळी दिसतात, फाइल उघडायची चौकट वेगळी दिसते, आणि नवा माणूस म्हणतो हे असं ठिगळ लावल्यासारखं का दिसतंय. उत्तर एवढंच की दोन वेगळ्या लोकांनी, दोन वेगळ्या हत्यारांनी, एकमेकांना न भेटता ते बांधलंय.

त्यात मार्च २०२२ मध्ये गनोम ४२ बरोबर लिबअद्वैता नावाची लायब्ररी वापरात आली. तिच्यावर लिहिलेले प्रोग्रॅम डिस्ट्रोची थीम मानतच नाहीत, ते गनोमला हवे तसेच दिसतात. गनोमच्या डेव्हलपर्सची बाजूही समजण्यासारखी आहे, त्यांचं म्हणणं असं की बाहेरची थीम लावली की आमच्या प्रोग्रॅममधलं बटण कुठेतरी दिसेनासं होतं आणि तक्रार आमच्याकडे येते. पण मिंटवर याचा परिणाम असा की कॅल्क्युलेटर उघडला तर तो परक्या घरचा पाहुणा वाटावा, मेनूबार नाही, चौकट वेगळी, रंग वेगळा. जुलै २०२४ च्या बाविसाव्या आवृत्तीत मिंटने काय केलं तर कॅल्क्युलेटर, कॅलेंडर, स्कॅनिंगचा प्रोग्रॅम, फाइल रोलर असे बरेच प्रोग्रॅम मुद्दाम जुन्या जीटीके ३ च्या आवृत्तीवर परत नेले. त्याच्याही आधीपासून, २०१६ पासून, त्यांचा एक्स-अ‍ॅप्स म्हणून उपक्रम चालू आहे, त्यात टेक्स्ट एडिटर, फोटो बघायचा प्रोग्रॅम, पीडीएफ वाचायचा प्रोग्रॅम हे सगळे जुन्या पद्धतीच्या मेनूबारसकट आणि कुठल्याही डेस्कटॉपवर नीट बसतील असे ठेवलेत. एका छोट्या टीमने हे ओढत राहायचं म्हणजे नव्या सोयी बनवायला तेवढा वेळ कमी मिळतो, आणि मिंटमध्ये नवं काही येत नाही ही तक्रार बऱ्याच अंशी तिथून येते.

आपल्या, म्हणजे मराठीत वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने दिसण्याचा अजून एक भाग आहे तो फॉन्टचा. मिंटचा डिफॉल्ट फॉन्ट उबंटू हा आहे, २०१० मध्ये डाल्टन माग या कंपनीने बनवलेला, इंग्रजीला छान दिसतो, पण त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. मग मराठी मजकूर आला की फॉन्टकॉन्फिग नावाचा घटक मशीनवरच्या दुसऱ्या एखाद्या फॉन्टमधून अक्षरं आणतो, आणि तो कुठला आणेल हे त्या मशीनवर काय काय इन्स्टॉल आहे त्यावर ठरतं. उबंटूच्या भांडारात भारतीय भाषांचे भरपूर फॉन्ट आहेत, लोहित, नोटो, गार्गी, सम्यक वगैरे, त्यामुळे एकाच आवृत्तीच्या दोन मशीनवर मराठी वेगळी दिसू शकते. एकीकडे सुबक, दुसरीकडे बारीक आणि किरटी. फॉन्ट निवडला गेला की हार्फबझ नावाची लायब्ररी अक्षरं जुळवते, 'कि' मधली वेलांटी साठवताना 'क' च्या नंतर असते पण दाखवताना आधी आणायची, 'क्ष' चा आकार बनवायचा, 'वाऱ्या'तला र आणि 'सूर्या'तला र वेगळा काढायचा, हे सगळं तिचं काम, आणि आज ते ती चोख करते. काही फॉन्टमध्ये तर मराठी पद्धतीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा काढायची सोय असते, आणि सिस्टिमची भाषा मराठी ठेवली की तो आपोआप येऊ शकतो.

त्यामुळे मराठी विचित्र दिसली तर दोष ऑपरेटिंग सिस्टिमचा असं समजून सोडून देऊ नका. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून नोटो सॅन्स देवनागरी घ्या, आणि फॉन्टकॉन्फिगला एक छोटी फाइल लिहून देवनागरीसाठी तोच आधी वापर असं सांगता येतं, एकदा केलं की कायमचं. टायपिंगला कीबोर्डच्या लेआउटमध्ये भारतीय गटात मराठी मिळते, आणि इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांची ठरलेली कीबोर्ड मांडणी, येत असेल तर बसल्या बसल्या चालू. रोमनमधून लिहायची सवय असेल तर आयबस नावाचा टायपिंगचा वेगळा प्रोग्रॅम घ्यावा लागतो. मेनू मराठीत केले तर मात्र काही मराठी काही इंग्रजी अशी सरमिसळ दिसेल, कारण भाषांतर स्वयंसेवक करतात आणि आपल्याकडे ते करणारी माणसं थोडी आहेत. इथे आपल्यापैकी कोणीही हातभार लावू शकतं, त्याला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही.

आता नावलौकिकाचं बघू. मिंट सोपं आहे असं नाव पडलं त्याचं पहिलं कारण अगदी साधं होतं, इन्स्टॉल केल्यावर गाणी वाजायची. त्या काळात एमपी३ आणि बऱ्याच व्हिडिओ फॉरमॅटवर पेटंट होती म्हणून बाकीचे डिस्ट्रो ते वाजवणारे कोडेक डिफॉल्ट देत नसत, नव्या माणसाने लिनक्स टाकलं, गाणं लावलं आणि आवाजच नाही असं व्हायचं. मिंटने ते आधीपासून आत घातलेले असायचे. २०१६ पासून ते वेगळे झाले, पण इन्स्टॉल करताना एका चौकटीत टिक केलं की येतात. दुसरं कारण २०११ चं, ज्यांना युनिटी आणि गनोम ३ पटलं नाही ते लोक मोठ्या संख्येने मिंटकडे आले. त्याच वर्षी डिस्ट्रोवॉच या साइटच्या यादीत मिंट पहिल्या नंबरवर गेलं आणि पुढे बरीच वर्षं तिथेच होतं. इथे एक खुलासा करायलाच हवा, ती यादी किती लोक वापरतात ते मोजत नाही, त्या साइटवर एखाद्या डिस्ट्रोचं पान किती वेळा उघडलं गेलं ते मोजते. त्यावरून मिंट जगात सगळ्यात जास्त वापरलं जातं असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे.

वाईट नावही आलंच. मिंटचा अपडेट मॅनेजर एके काळी अपडेटना एक ते पाच पातळ्या द्यायचा आणि चार-पाच पातळीचे, म्हणजे कर्नल वगैरे मशीन बिघडवू शकणारे, डिफॉल्टमध्ये लपवून ठेवायचा. नवशिक्याचं मशीन सकाळी उठून बंद पडू नये हा हेतू, पण त्यात सुरक्षेचे महत्त्वाचे अपडेटही अडकायचे आणि २०१३ मध्ये उबंटूच्या एका डेव्हलपरने हे उघडपणे बोलून दाखवलं. टीका रास्त होती असं माझं मत आहे. मिंटला ते बदलायला वेळ लागला, २०१८ च्या एकोणिसाव्या आवृत्तीत त्यांनी धोरण फिरवलं, सगळे अपडेट द्यायचे आणि काही बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून टाइमशिफ्ट हा प्रोग्रॅम पुढे आणला, जो सिस्टिमच्या फाइलींचा स्नॅपशॉट ठेवतो. हा मार्ग कितीतरी चांगला आहे, आणि मिंट टाकल्यावर पहिलं काम टाइमशिफ्ट चालू करणं हेच असावं. तुमचे फोटो आणि कागदपत्रं मात्र तो सांभाळत नाही, त्यांचा बॅकअप वेगळा घ्यायचा.

सगळ्यात मोठा धक्का बसला तो २० फेब्रुवारी २०१६ ला. हल्लेखोर मिंटच्या वेबसाइटमध्ये घुसले आणि १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडची लिंक बदलून मागचं दार असलेल्या खोट्या आयएसओकडे, म्हणजे इन्स्टॉल करायच्या अख्ख्या सिस्टिमच्या फाइलकडे, वळवली, त्या दिवशी ज्यांनी ती उतरवली त्यांच्या मशीनचा ताबा दुसऱ्याकडे जाऊ शकत होता. क्लेमने लगेच स्वतः जाहीर केलं, साइट बंद केली, फाइल कशी तपासायची ते सांगितलं. मिंटच्या मूळ कोडमध्ये काही घातलं गेलं नव्हतं, बिघाड वेबसाइटचा होता, पण ज्याच्या हातात सगळं मशीन द्यायचं त्याच्या दारातच असं व्हावं ही साधी गोष्ट नव्हे आणि आजही मिंटवर विश्वास न ठेवणारे लोक याचा दाखला देतात. म्हणून आयएसओ उतरवली की तिचा एसएचए२५६ चेकसम आणि डिजिटल सही तपासा, साइटवर पायऱ्या दिलेल्या आहेत. चेकसम म्हणजे फाइलमधून काढलेला एक लांबलचक आकडा, फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी तो आकडा पूर्ण बदलतो. पण लिंक बदलणारा माणूस पानावरचा चेकसमही बदलू शकतो, म्हणून सही तपासणं जास्त महत्त्वाचं, ती त्याला बनवता येत नाही.

आणि २०२० मध्ये मिंटची प्रतिमा वेगळ्याच बाजूने बळकट झाली. उबंटूने क्रोमियम ब्राउझरचं नेहमीचं पॅकेज रिकामं करून टाकलं होतं, म्हणजे तुम्ही नेहमीसारखं क्रोमियम इन्स्टॉल करायला सांगितलं तर गुपचूप स्नॅप नावाची कॅनॉनिकलची वेगळी यंत्रणा बसायची आणि तिच्या दुकानातून ब्राउझर यायचा. मिंटने विसाव्या आवृत्तीत हे दार बंद केलं. नोस्नॅप नावाची दोन-चार ओळींची फाइल सिस्टिममध्ये ठेवली, ती असेपर्यंत स्नॅप न विचारता येऊ शकत नाही, आणि क्रोमियम ते स्वतः बांधून देऊ लागले. ज्याला स्नॅप हवंच आहे त्याने ती फाइल काढायची, कसं तेही त्यांनी लिहून दिलंय. जो प्रकल्प उबंटूच्या पायावर उभा आहे त्याने उबंटूला असं स्पष्ट नाही म्हणणं ही मोठी गोष्ट आहे. पाया कधी निसटलाच तर काय, याचीही तयारी त्यांनी २०१० पासून ठेवलीय, थेट डेबियनवर बांधलेली एलएमडीई नावाची मिंटची आवृत्ती, दिसायला हुबेहूब तीच, मध्ये उबंटू नाही.

नवशिक्यांसाठी आहे म्हणजे जाणकारांनी वापरू नये हे मात्र मला अजिबात पटत नाही. टर्मिनल तेच आहे, कंपायलर तेच, डेबियन-उबंटूची हजारो पॅकेजेस तीच. फरक असला तर तो ताजेपणाचा आहे, २०१४ पासून मिंट फक्त उबंटूच्या दीर्घ सपोर्टवाल्या आवृत्तीवर बांधतात, त्यामुळे दोन वर्षं पाया स्थिर राहतो, सपोर्ट पाच वर्षं मिळतो, पण प्रोग्रॅमच्या आवृत्त्या जुन्या असतात आणि कालच बाजारात आलेल्या लॅपटॉपचं वायफाय किंवा ग्राफिक्स कधी कधी ओळखलं जात नाही. जुन्या लॅपटॉपला ही अडचण नाही. किमान २ जीबी रॅम सांगितलीय पण ४ जीबी असेल तरच सिनॅमन सुखाने चालेल, ब्राउझरच सगळी मेमरी खातो, त्याहून कमी असेल तर एक्सएफसीई घ्या.

सध्या मिंटपुढचा सगळ्यात अवघड प्रश्न वेलँडचा आहे. स्क्रीनवर चित्र काढायचं काम गेली कित्येक वर्षं एक्स११ करतं, हा प्रोटोकॉल १९८७ चा, आणि त्यात एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या कळा वाचू शकतो अशा सुरक्षेच्या जुन्या फटी आहेत. २००८ पासून त्याची जागा घ्यायला वेलँड बनतंय, गनोम आणि केडीई तिकडे कधीच गेले, मिंट अजून एक्स११ डिफॉल्ट ठेवून आहे. जानेवारी २०२४ च्या २१.३ आवृत्तीत सिनॅमनचं वेलँड सेशन फक्त प्रयोग म्हणून आलं आणि त्यात सुरुवातीला कीबोर्ड लेआउट बदलायची आणि आयबससारख्या इनपुट पद्धतीची सोयच नव्हती, म्हणजे मराठी टाइप करणाऱ्यांच्या दृष्टीने ते कुचकामी होतं. पुढच्या आवृत्त्यांत त्यावर काम होतंय. मिंटला मागे पडलेलं म्हणणारे यावर बोट ठेवतात आणि त्यांचं चुकतंय असं म्हणता येणार नाही, पण ज्याला रोज मराठीत पत्रं लिहायचीत त्याला तोवर एक्स११ च बरं. लॉगिन करताना सेशन निवडायची जागा असते, तिथे नुसतं सिनॅमन असं असेल तेच राहू द्या, आणि वेलँड बघायचंच असेल तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून मराठी टाइप होतंय का ते आधी तपासा.